पट्ट्याचा वेग

शेजारच्या सुलभावहिनी दारात बसून मेथी निवडत होत्या. जुडी संपली, तरी त्यांची बोटं रिकाम्या ताटात काहीतरी उचलत, ठेवत राहिली. माझं लक्ष गेलं तशा त्या हसल्या. "बिस्किटं भरायची सवय हो! हल्ली हातच पुरत नाहीत. सुपरवायझर म्हणतो, मावशी, आता नातवंडं सांभाळा. सोडतेच काम. वय झालं, दुसरं काय?"

त्यांच्या कारखान्यात बिस्किटं पुढे नेणाऱ्या पट्ट्याची मोटर मी बघतो. पूर्वी वेग वाढवला की पट्ट्याला हिसका बसायचा आणि बायका ओरडायच्या, "अहो, पळवताय कुठं!" आता वेग मायक्रोप्रोसेसर सांभाळतो. साहेबांच्या सांगण्यावरून मीच तो तसा लावून दिलाय: पाळी सुरू झाली की वेग इतका हळूहळू वाढावा, की कुणाला कळूच नये. हिसका नाही, आवाज नाही. या गुळगुळीतपणाचं मला कौतुक वाटायचं. आज ती बोटं पाहिली आणि शेवाळावर हात पडावा तशी शिसारी आली. माणसाला दमवायचं आणि खापर त्याच्याच वयावर फोडायचं, हे किती स्वच्छ हातांनी करता येतं! माझ्या गप्प बसण्याची तर जास्तच किळस आली.

"वय नाही, वहिनी," मी म्हणालो. "पट्टा पळतो. मीच पळवतो."

त्यांची बोटं थांबली. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी म्हातारी नाही झाले?"

चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी निवडलेली मूठभर मेथी माझ्या हातावर ठेवली. मला ती धरवेना.