खलास या शब्दाचे तीन अर्थ

गुरुवार, १२ मार्च २००९. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. अबू धाबीच्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपच्या तीन नंबरच्या बेमध्ये सीताराम गुरव ड्रमवर हात आपटून मला म्हणाला, "साहेब, तेल खलास."

ड्रम पोकळ वाजला. इंजिन ऑइलचा तो आमचा शेवटचा ड्रम होता. स्टोअर सांभाळणारा माणूस जानेवारीत कमी केला होता. काय शिल्लक आहे आणि काय संपले, याची नोंद तेव्हापासून कोणीच ठेवत नव्हते.

मी त्या वर्कशॉपचा फोरमन होतो. वय अठ्ठावन्न. गुरव फिटर. वय शेहेचाळीस, गाव संगमेश्वर तालुक्यातले, अबू धाबीत येऊन अकरा महिने झालेले. बोलणे कमी आणि काम स्वच्छ. मुलगी रत्नागिरीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, एवढे त्याने मला एकदाच सांगितले होते.

बेमध्ये जी गाडी उभी होती तिच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. जपानी बनावटीची, वाळूत चालवायची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह. मालक एक स्थानिक व्यापारी. त्याला उंच टेकड्यांवर ती दमते असे वाटत होते. म्हणून मूळचे सहा सिलिंडरचे इंजिन काढून तिच्यात अमेरिकन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचे, क्रेट इंजिन बसवायचे होते. क्रेट इंजिन म्हणजे कारखान्यात पूर्ण जुळवून लाकडी खोक्यात बंद करून पाठवलेले नवे इंजिन. ते दुसऱ्याच कंपनीच्या गाडीत बसवायचे म्हणजे काहीच आपोआप जुळत नाही. माउंटिंग नवे बनवावे लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अडॅप्टर प्लेट घालावी लागते. खालचे तेलाचे भांडे, ज्याला आम्ही संप म्हणतो, ते पुढच्या ॲक्सलला अडते. ते बदलावे लागते. गुरवने आणि मी हे सर्व पाच आठवड्यांत केले होते. कूलंट भरले होते. वायरिंग जोडले होते. बाकी राहिले होते एकच काम.

क्रेट इंजिन कोरडे येते. आत तेल नसते. ते भरून, पहिल्या स्टार्टच्या आधी दाबाने सर्व नळ्यांत फिरवावे लागते. याला प्राइमिंग म्हणतात. ते न करता इंजिन चालवले, तर फिरते भाग एकमेकांना खातात. त्यासाठी कारखाना तेलाच्या झाकणाला एक लाल टॅग बांधून पाठवतो. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते की यात तेल नाही. तेल भरेपर्यंत तो टॅग काढायचा नसतो. हा नियम मी प्रत्येक फिटरला पहिल्या दिवशी शिकवत असे.

त्या सकाळी झाकणावर टॅग नव्हता. मी गुरवला विचारले.

"काल संध्याकाळी साहेबांनी काढला. फोटो काढायचा होता त्यांना. लाल चिठ्ठी फोटोत बरी दिसत नव्हती."

साहेब म्हणजे आमचे मॅनेजर नाडकर्णी. दादरचे, वय अडतीस, आखातात नऊ वर्षे. मी टॅग परत आणायला ऑफिसात गेलो. ते अजून आले नव्हते. मी परत फिरलो. बॅटरीची केबल काढून ठेवायला हवी होती. गुरवने आदल्या दिवशी वायरिंग तपासण्यासाठी ती जोडली होती. ती तशीच आहे का, हे मी पाहिले नाही. चावीही गाडीतच राहिली. या दोन चुका माझ्या होत्या.

पूर्वी तेलवाल्याची व्हॅन दारात येत असे. आदल्या वर्षीच्या आर्थिक क्रॅशनंतर ती बंद झाली. निम्मे ट्रक बंद पडून होते, तेल कोणाला विकणार. साडेनऊला मी पिकअप घेऊन स्वतः तेल आणायला निघालो. जाताना गुरवला सांगितले, "मी येईपर्यंत सायलेन्सरचे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घे. इंजिनाला हात लावू नको."

सव्वाअकराला परतलो, तेव्हा बेमध्ये करपलेल्या धातूचा वास होता. गुरव चाकाशी उकिडवा बसला होता. नाडकर्णी ऑफिसात गेले होते.

जे घडले ते गुरवने सांगितले. तो गाडीच्या मागच्या बाजूला खाली आडवा होता, फक्त पाय बाहेर. नाडकर्णी फोनवर बोलत आत आले. गाडीचा मालक लाइनवर होता. इंजिनाचा आवाज ऐकवा, नाहीतर गाडी उचलून दुसरीकडे नेतो, असे तो म्हणत होता. नाडकर्णींनी पायांकडे पाहून विचारले, "गुरव, ऑइल?"

गुरव खालून म्हणाला, "खलास."

नाडकर्णी सीटवर बसले आणि त्यांनी चावी फिरवली.

गाडीखाली माणूस होता, हे मी येथे पुन्हा लिहितो.

गुरव सरपटत बाहेर आला आणि ओरडला. नाडकर्णींचा एक हात खिडकीबाहेर होता. त्या हातातला फोन त्यांनी बॉनेटकडे धरला होता आणि पाय ॲक्सिलरेटरवर होता. "हबीबी, सुनो, सुनो," असे ते म्हणत होते. डॅशवर तेलाचा लाल दिवा पेटलेला असणारच. इंजिनातून खडखड सुरू झाली. गुरवने खिडकीतून हात घालून चावी बंद केली. त्याच्या अंदाजाने चाळीस सेकंद गेले होते.

मी क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते हलले नाही.

पाऊण वाजता नाडकर्णींनी मला ऑफिसात बोलावले. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला रिपोर्ट होता. एकच कारण लिहिले होते: फिटरचा निष्काळजीपणा. खाली माझ्या सहीची जागा सोडली होती.

"बसा, काळे काका."

"उभा ठीक आहे."

"सही करा. गुरवला आज कॅन्सल करतो. अरबाब चारला येतायत, त्याआधी पेपर तयार हवेत."

अरबाब म्हणजे वर्कशॉपचे मालक. कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द. त्या महिन्यांत माणसे कमी करायला प्रत्येक कंपनी निमित्त शोधत होती. निष्काळजीपणाचा शिक्का घेऊन परतलेल्या माणसाला पुन्हा कोणी बोलावत नसे. गुरवचे आणि त्याच्या मुलीच्या शिक्षणाचे काय होईल, हे त्या कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते.

मी म्हणालो, "त्याने तेल संपले आहे असे सांगितले."

"त्याने खलास सांगितलं. इथे खलास म्हणजे डन, काम झालं. सगळ्या मुसफ्फात विचारा."

"तुम्ही दादरचे ना?"

"त्याचा काय संबंध?"

"घरून फोन येतो, साखर खलास झाली. तेव्हा डबा भरलेला असतो?"

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "काका, नोव्हेंबरपासून ही एकच मोठी ऑर्डर आहे. एक माणूस गेला तर बाकीचे अठरा राहतात. तुमच्यासकट."

मला राग लवकर येत नाही. तेव्हा आला. हा माणूस गुरवच्या पायांशी बोलला होता. मराठी माणसाला त्याने मराठीत एक पूर्ण वाक्य विचारले नव्हते. तेल घातलंस का, एवढे तीन शब्द पुरेसे होते. आणि आता तो मला हिशेब शिकवत होता.

त्यांचा चहाचा कप एका लाल कार्डावर ठेवला होता. मी कप उचलून बाजूला ठेवला. खाली टॅग होता. त्यावर चहाचे दोन गोल डाग पडले होते, एक वाळलेला आणि एक ओला.

"हा मी घेतो," मी म्हणालो.

"काळे, तुमचाही व्हिसा याच फाइलमध्ये आहे."

"ठाऊक आहे. फाइल निळी आहे. दुसऱ्या खणात."

मी बेमध्ये गेलो आणि गुरवला संप उतरवायला सांगितला. नाडकर्णींनी त्याला बेमधून बाहेर काढा म्हणून निरोप पाठवला होता. मी तो ऐकला नाही. ज्याच्यावर आरोप आहे, त्याच्याच हाताने इंजिन उघडलेले बरे. गुरवने बेअरिंगच्या कॅप एकेक करून सोडल्या. बेअरिंगचा आतला भाग गुळगुळीत, राखाडी असतो. येथे तो फाटून खालचे तांबे उघडे पडले होते. क्रँकवर निळे चट्टे होते. गुरव त्यावर अंगठा फिरवत राहिला.

"नवाकोरा होता, साहेब," तो म्हणाला. "पाच आठवडे आपण याला नवरीसारखा जपला." थोड्या वेळाने म्हणाला, "मी खोटा नाय बोल्लो. खलासच होता ना तेल."

"मला माहीत आहे. कॅप क्रमाने ठेव."

मी माझा रिपोर्ट हाताने लिहिला. एक पान. टॅग बुधवारी संध्याकाळी काढला गेला; काढणारे, मॅनेजर. बॅटरीची केबल जोडलेली आणि चावी गाडीत राहिली. जबाबदार, फोरमन काळे. तेल नसताना आणि गाडीखाली माणूस असताना इंजिन सुरू केले गेले, करणारे, मॅनेजर. इंजिन बंद केले. करणारे, फिटर गुरव. टॅग कागदाला स्टेपल केला.

चारला अरबाब आले. वयस्कर गृहस्थ. हिंदी कामापुरते बोलत. दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले होते. इंग्रजी रिपोर्ट त्यांनी वाचला की नाही, मी सांगू शकत नाही. टॅग मात्र त्यांनी बोटाने उलटा-सुलटा करून पाहिला.

"चाबी कौन घुमाया?"

नाडकर्णी म्हणाले, "अरबाब, फिटर ने बोला कि ऑइल..."

"मैं चाबी पूछा."

"मैंने."

अरबाबांनी दोन्ही कागद एकत्र घडी करून खिशात घातले. "खलास," ते म्हणाले आणि उठले.

त्या दिवशी तो शब्द मी तिसऱ्या अर्थाने ऐकला. विषय संपला.

पुढचे थोडक्यात सांगतो. गुरवचा व्हिसा राहिला. मुलीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो तेथेच होता आणि नंतर स्वतःच्या इच्छेने परतला. नाडकर्णीही राहिले. गाडीखाली माणूस असताना इंजिन सुरू केल्याबद्दल त्यांना कोणी एक शब्द विचारला नाही. अरबाबांनीही नाही. इंजिनाला नवा क्रँक घालून गाडी मे महिन्यात गेली. माझे कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपले, ते वाढवले गेले नाही. कारण दिले गेले नाही, मीही विचारले नाही.

त्यानंतर मी आणखी दोन वर्कशॉपमध्ये काम केले. दोन्हीकडे माझा एकच नियम होता. क्रियापदाशिवाय दिलेले उत्तर मी स्वीकारत नसे. तेल भरले आहे, किंवा तेल भरलेले नाही. लोक हसत असत. हसोत.

त्या गुरुवारचे शेवटचे काम पावणेसहाला झाले. गुरवने रिकाम्या ड्रमचा पत्रा हातभर कापला आणि मी सांगितलेली अक्षरे त्यावर छिन्नीने ठोकली: इंजिनात तेल नाही. चावी फिरवू नये. इंजिन उघडे पडले होते. ते कोणालाही सुरू करता आले नसते, आणि पाटीची त्या दिवशी काही गरज नव्हती. तरी मी ती स्टिअरिंगला तारेने बांधली, तारेची टोके आत वळवली, बॅटरीची केबल स्वतःच्या हाताने काढली आणि चावी खिशात घातली.