सुजाताच्या झोपेची वेळ

भूतबाधा, करणी, अंगात येणं — या सगळ्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिली आहेत, कर्जतच्या बाजारात उभी राहून वाटली आहेत. माझ्या बाबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातले देव उतरले. मी वाढले ती छापील कागदांवर. म्हणून हे लिहिताना लाज वाटते... पण घडलेलं लपवणं हेही खोटंच.

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. आम्ही दहिवलीला राहायचो. पोशीरला दिलेली माझी मोठी बहीण काविळीनं गेली आणि तिची दीड वर्षाची सुजाता आमच्याकडे आली. पोर झोपायचीच नाही. रडून रडून कुठेही कोसळायची — कधी जेवता जेवता, कधी उंबऱ्यावर. मी बालवाडीत शिकवत होते. बालसंगोपनाच्या एका पुस्तिकेत वाचलं होतं — झोपेची वेळ ठरवा, मोडू नका. मी ठरवली. बाराला मऊ भात, मग तोंड पुसायचं, दार लोटायचं, आणि घड्याळात एक वाजला की भिंतीला टेकून पाय लांब करायचे, पावलांवर उशी ठेवून तिला पायांवर निजवायचं, हळूहळू हलवायचं.

आई म्हणायची, "घड्याळ बघून पोरं निजतात का गं कुठं?"

तिसऱ्या आठवड्यात सुजाता एकच्या सुमारास स्वतःच उशी ओढत माझ्याकडे यायला लागली. अडीचपर्यंत गाढ.

मग दाजींच्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला. सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

"माय मरो, मावशी जगो, उगाच म्हणतात का?" आत्या म्हणाली. "तूच जा तिथं."

"एक फुटलं की दुसरं ठेवायला मी काय मडकं आहे, आत्या?"

"जीभ लई चालते तुजी. पोर जाईल हातची, मग बस पत्रकं वाटत."

दाजी भला माणूस. "तुझ्या मनात नाय तर राहू दे," एवढंच म्हणाले. त्यांनी वत्सलाशी लग्न केलं आणि सुजाताला घेऊन गेले. मी तत्त्वाला धरून राहिले. आजही तेच करेन. पण एसटीच्या खिडकीतून तिनं पसरलेले हात... ते मला कुठल्याच पत्रकात मांडता येणार नाहीत.

दुसऱ्याच दुपारी एक वाजता मी भिंतीला टेकून बसले होते — आणि पायांवर वजन आलं. उबदार. नेमकं तेवढंच. घोट्यांवर डोक्याचा भार. दिसत काहीच नव्हतं. अडीचला ते उतरलं. मग रोजच. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, गोळ्या दिल्या. मी इमानानं घेतल्या. एका गुरुवारी मात्र वजन अकरालाच आलं, भर बालवाडीत. मला उठता येईना.

महिन्याभरानं पोशीरला गेले. एक वाजून गेला होता. एसटीतून उतरल्यावर जड पाय ओढत कशीबशी पोचले. पडवीत सुजाता नुसत्या सारवलेल्या जमिनीवर झोपली होती. जवळ कुणी नाही, आणि तिचं अंग डावी-उजवीकडे हळूहळू हलत होतं... झुलवल्यासारखं.

वत्सला दारात. माझ्याच वयाची. "ताई, मी कायबी करत नाय. एक वाजला का आपली आपण जाते तिथं. पायावर घेतली तर ताठ होते, रडते. शेजारणी म्हणतात, सावत्र हाय म्हणून भुईवर टाकलीय." तिचे डोळे भरले. "मागं जावंच्या पोराचं बारसं होतं, तवा तर अकरालाच निजली. एवढ्या कल्ल्यात!"

"वार कुठला होता?"

"गुरुवार. का ओ?"

मी तिला भिंतीशी बसवलं, पाय लांब करायला लावले आणि सुजाताला उचलून त्यांवर ठेवलं. ती किंचाळत जागी झाली. मला बघून हात पसरले — "मावची!"

मी बाहेर जाऊन अंगणात उभी राहिले. आत वत्सला म्हणत होती, "नाय गं बाय, नाय गं..." एकदा आत गेले असते तर पोर माझ्याच पायांवर राहिली असती, हे मला कळत होतं. कसं कळत होतं, विचारू नका. मी गेले नाही. हळूहळू रडणं खाली आलं, आणि तसतसा माझ्या पायांवरचा भार उतरत गेला.

"निजली ओ ताई," आतून हलका आवाज आला.

याचं कारण मी अजून शोधते आहे, सापडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दहिवलीत एक वाजता मी भिंतीला टेकून पाय लांब केले. वजन आलं नाही. अडीचपर्यंत तशीच बसून होते.