नलूताईंचा चेलो

सौसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये नलूताई खिडकीशी बसत आणि समोरच्या सीटच्या दांडीवर डाव्या हाताची चार बोटं दाबत, सरकवत, थरथरवत राहत. मी त्यांच्याच शाळेत शिक्षिका म्हणून नवीन लागले होते. बाईंच्या हाताला काही दुखणं असावं, असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, "दुखणं नाही गं सुमन, प्रॅक्टिस करून राहिली."

शाळेत त्या मुलांना प्रार्थना आणि समूहगीतं शिकवत. त्याआधी बावीस वर्षं मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंदात त्या चेलो वाजवत होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. चेलो म्हणजे व्हायोलिनचाच मोठा, खर्जातला भाऊ. खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरायचा आणि गजाने वाजवायचा. वडिलांची सौसरजवळ रामाकोन्याला संत्र्यांची बाग. त्यांनी मुलीला शिकायला नागपूरच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या संगीताच्या बाईंनी वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी पाहून तिच्यापुढे ते वाद्य ठेवलं. "मी कुठं निवडलं? माझ्या उंचीनं निवडलं," नलूताई म्हणत.

आईची एक बाजू लुळी पडली म्हणून त्या सौसरला आल्या. वडील गेलेले, भाऊ बागेत अडकलेला. "दोन महिन्यांसाठी आली होती. ते दोन महिने अजून संपून नाही राहिले," असं त्या हसून सांगत, तेव्हा सातवं वर्ष चालू होतं.

आईला चेलोचा आवाज खपत नसे. या वाद्यानेच लेक दूर नेली, असं तिच्या मनात बसलं होतं. "माझ्या घरात हे रडणं नको," ती म्हणे. मग नलूताईंनी चेलो रामाकोन्याच्या बागेतल्या शेडमध्ये ठेवला आणि दर रविवारी त्या तिथे जाऊ लागल्या. एकदा मीही गेले. उलट्या क्रेटवर बसून त्यांनी वाजवायला घेतलं, तशा संत्री निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. एकीने हळूच विचारलं, "ताई, हे कोनाच्या मौतीचं हाय का?"

"नाही वो बाई, नाचाचं आहे," नलूताई म्हणाल्या. "हळू नाचाचं."

त्याच वर्षी मुंबईहून फोन आला. चेलोची एक जागा रिकामी होत होती. येऊन वाजवून दाखवलं तर घेऊ, असं जुन्या सहकारी बाईंनी कळवलं. भावजय आईपाशी राहायला आली. नलूताई निघाल्या तेव्हा आई म्हणाली, "जा ना. मी काय मरून राहिली?" आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दुपारचं ताट तिने तसंच परत पाठवलं. मी तिथेच होते. भावजयीने नलूताईंना फोन केला.

संध्याकाळी नलूताई चेलोची पेटी घेऊन दारात उभ्या. "गाडी चुकली," म्हणाल्या. फोन केला तेव्हा त्या नागपूर स्टेशनवर होत्या आणि मुंबईच्या गाडीला दोन तास होते, हे भावजयीला आणि मला ठाऊक होतं. त्यांनी हातपाय धुतले आणि आईला मऊ भात भरवला.

चेलो परत शेडमध्ये गेला आणि पुढच्या चार वर्षांत त्याचा विषय घरात निघाला नाही. मग शेवटच्या दुखण्यात एके दिवशी आईच म्हणाली, "तुझं ते आण बरं घरी. पाहू दे काय आहे ते." नलूताईंनी तो शेडमधून आणला. उन्हाळ्यांनी लाकूड तडकलं होतं, जाड तारेवर गज टेकला की आत काहीतरी खरखरे. त्यांनी तसाच वाजवला. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "इतकं चांगलं वाजवते तू? मले काऊन नाही सांगितलं?"

नलूताईंनी गज खाली ठेवला. "सांगितलं होतं, आई," एवढंच म्हणाल्या.

आई महिन्याभरात गेली. नलूताई मोकळ्या झाल्या असं गाव म्हणालं; पण तोवर बोटांचे सांधे सुजू लागले होते. कुणी मुंबईचं विचारलं, तर त्या हात पुढे करून दाखवत. दोन वर्षांनी पोटाच्या आजाराने त्याही गेल्या.

तेराव्या दिवशी भाऊ म्हणाला, "ताईचं काही वाजवलेलं लावू या." आम्ही कपाटं शोधली, त्यांचा मोबाईल तपासला. मुंबईच्या कार्यक्रमाची एक सीडी निघाली. लावली. साठ वाद्यं एकदम वाजत होती. पाकिटावरच्या फोटोत चेलोवाले सहा जण, त्यात डावीकडून दुसऱ्या नलूताई, तरुण, वेणी पुढे घेतलेली. एकटीने वाजवलेलं त्यांचं कुणीच कधी टिपून ठेवलं नव्हतं. मी तरी कुठे ठेवलं? त्या रविवारी शेडमध्येही माझ्या पर्समध्ये मोबाईल होता.

ती सीडी भावाने मलाच दिली. रविवारी लावते. सहा चेलो एका आवाजात वाजत जातात, आणि त्यातल्या नलूताई कोणत्या, ते मला ओळखू येत नाही.