मी नुसतं मोजतो
परवा मंडईत केळीच्या ओल्या पानांचा वास आला आणि यावलजवळची ती विहीर आठवली. नव्वदच्या सुमारास मी पाण्याच्या अर्थकारणावर पीएच.डी. करत होतो. दर दोन महिन्यांनी टेप सोडून विहिरींची पातळी मोजायची, पण शेतकऱ्यांना काही सांगायचं नाही, नाहीतर ते वागणं बदलतात आणि अभ्यास बिघडतो, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. एकटीनं शेत सांभाळणाऱ्या एका अक्कांनी मृगाच्या तोंडावर विचारलं, “औंदा केयी लावू का भाऊ? पानी पुरीन ना?” शेजारच्या नव्या बोअरमुळे त्यांची विहीर झपाट्यानं उतरत चालली होती, हे माझ्या वहीत होतं. “मी नुसतं मोजतो, अक्का,” मी म्हणालो. त्यांनी केळी लावली. वैशाखात गेलो, तेव्हा विहिरीचा तळ उघडा पडला होता आणि बाग माना टाकून उभी होती. “तुले माहीत व्हतं का रे?” त्यांनी शांतपणे विचारलं. मी “नाही” म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला, सावलीत बसवून मला माठातलं पाणी दिलं, आणि मी ते प्यायलो. पुढे परीक्षकांनी त्याच विहिरीच्या नोंदींचं खास कौतुक केलं. आता मी विद्यार्थ्यांना संशोधनातली नीती शिकवतो. हा प्रसंग मात्र त्यांना अजून सांगू शकलेलो नाही.