गोदाई गाऊन्सची ऑनलाइन बोहनी

कल्याणच्या बाजारात ‘गोदाई गाऊन्स’च्या माळ्यावर दर्शना परब बसते. पद कस्टमर सपोर्ट. म्हणजे दुकानाच्या वेबसाइटवरून ज्या बायकांना गाऊन घेता येत नाही, त्यांचा फोन उचलायचा आणि तोच गाऊन फोनवर विकायचा. वेबसाइट असल्यामुळे कामाला तोटा नव्हता.

वर्तकनगरहून येणारी ही पोरगी भलती चिवट. प्रत्येक तक्रार वहीत लिहायची. ‘विकत घ्या’ या बटणावर नेमकं बक्षिसाचं चक्र येऊन बसतं. ते घालवायची फुली मुंगीच्या डोळ्याएवढी. ओटीपी वीस सेकंदांत शिळा होतो, तेवढ्यात बाईंना चष्मासुद्धा सापडत नाही. आणि फ्लॅट नंबर लिहिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

मालक विकीशेठ पाटील सगळं ऐकून घ्यायचे, म्हणजे मोबाइल बघत बसायचे. “बायकांना जमत नाय, त्याला साइट काय करणार?” साइट त्यांच्या मेहुण्याने बनवलेली. त्यामुळे तिच्यात खोट काढणं म्हणजे सोयरिकीत खोट काढणं. फारच तगादा झाला तेव्हा शेठनी एक सुधारणा केली. ऑर्डर कशी करावी हे समजावणारी आणखी एक चौकट आली, चक्राच्याही वर.

मग एका सोमवारी ते म्हणाले, “महिनाअखेर साइट बंद. आपल्या लोकांना ऑनलाइन चालत नाय. तू दुसरीकडे बघ.”

वडिलांची कंपनी बंद झाल्यापासून घरात पगार आणणारी दर्शना एकटीच. तिने वही मिटली आणि गुरुवारची वाट बघितली.

गुरुवारी विकीशेठच्या आई, गोदाबाई, मोहन्याहून दुकानात चहाला येत. दुकान त्यांच्या नावाचं, आणि शेठ घाबरत ते फक्त त्यांनाच. दर्शनाने त्यांच्या हातात मोबाइल ठेवला.

“काकी, ऑनलाइन बोहनी तुमच्या हातची नको?”

“मना जमंल का गं?”

“मी काही सांगणार नाही. नुसती बघत बसते.”

चक्र आलं. गोदाबाईंनी ते फिरवलं, पाच टक्के सूट लागली, आणि त्यांनी मोबाइल खाली ठेवून चहाचा कप उचलला. “झाला ना? कवा येल गाऊन?”

“अगं आई, फुली दाब ना ती!” विकीशेठ काउंटरवरून ओरडले.

“फुली कनची? मना नाय दिसत.”

“शेठ, गिऱ्हाइकाच्या घरी तुम्ही जाऊन ओरडता का?” दर्शनाने अगदी नम्रपणे विचारलं.

चौथ्या खेपेला फुली नखाखाली सापडली. मग पत्ता. गोदाबाई माइकमध्ये गाव ऐकेल अशा आवाजात बोलल्या, “पाटलांचा घर, विहिरीसमोर, मोहने.” खाली लाल अक्षरं उमटली: फ्लॅट नंबर नाही. पत्ता चुकीचा आहे.

गोदाबाईंनी ते दोनदा वाचलं.

“विक्या! तुझे आज्यानं बांधलेला घर चुकीचा? जे जमिनीवर ते फ्लॅट उठले ती आमची, नि नंबर आमच्याकडं मागतंय?”

“आई, ते मेहुण्यानं...”

“लाव त्याला फोन!”

सहा महिने जे ‘सिस्टिममध्ये शक्यच नाही’ होतं, ते दहा मिनिटांत झालं. फ्लॅट नंबर लिहा नाहीतर लिहू नका. समजावणारी चौकटही जाता जाता गेली, आणि बोहनी गोदाबाईंच्याच हातची झाली.

महिनाअखेरीपर्यंत मोहने, आंबिवली, टिटवाळा मिळून एकशे बारा ऑर्डरी आल्या. पत्ते असे: ‘पाण्याच्या टाकीमागे’, ‘पिंपळाजवळ निळा दरवाजा’. एकीने तर सरळ ‘गोदाबाईंना विचारा’ लिहिलं. डिलिव्हरीवाला खरंच विचारायला गेला, आणि गोदाबाईंनी त्याला चहा पाजून वाट दाखवली.

साइट बंद करायचं आता कोणी काढत नाही. “मी आधीपासून बोलत होतो, पत्ता सोप्पा पाहिजे,” असं विकीशेठ येईल त्याला सांगतात. दर्शनाची नोकरी राहिली. पगार तोच, पदाचं नाव मात्र लांबलं.

चक्र अजून फिरतंय, मेहुण्याचा त्याच्यावर फार जीव. दर्शनाने वहीत त्या तक्रारीपुढे दोनच शब्द लिहून ठेवलेत: गुरुवार, काकी.