तळव्याखालचा काटा

काशीगावातले गॅरेजवाले काका आधी गिऱ्हाइकाला पाणी देतात, मग गाडीकडे वळतात. मी नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा कालपासून लालवर जात होता. उद्या आईला गावी न्यायचं होतं. घरातली ही पहिली गाडी, ती तिला भावकीला दाखवायची होती.

"इंजिन गेलं का, काका? उद्या आईला न्यायचंय."

"गाडीपेक्षा तुमीच जास्त तापलाय."

गाडी रात्रभर त्यांच्या गॅरेजातच उभी होती. काकांनी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली, तरी काटा लालवर गेला. सेन्सरची वायर काढताच तो खाली आला.

"इंजिन थंड हाय. सेन्सर खोटं बोलतोय."

नवा सेन्सर बसवून ते माझ्या शेजारी बसले आणि गाडी घोडबंदरच्या चढावर घ्यायला लावली. माझी नजर सारखी काट्याकडे जाई. काकांनी हात लांब करून तो तळव्याने झाकला.

"हा माझ्यावर सोडा. तुमी रस्ता बघा."

स्वतः मात्र ते बोटांच्या फटीतून डोकावत होते. चढ संपल्यावर त्यांनी हात काढला. काटा मध्यावर होता.

"न्या आईला," काका म्हणाले. "आणि एसी लावा हां. इंजिन तापंल या भीतीपोटी तिला घामात नेऊ नका."