सुतकातला अर्ज

सदानंद केळुसकर आमच्या हायस्कूलचे हेडक्लार्क. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी टेबलाच्या सगळ्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, फक्त खालच्या खणाची दिली नाही. ‘ती उद्या देतंय,’ म्हणाले. मला राग आला. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली होती आणि खुर्ची आता माझी होती. पण त्या खणाची त्यांना भीती वाटते हे मी रोज पाहत होतो. कुणी टेबल सरकवलं, लाकूड करकरलं, की सदाभाऊंचा चेहरा पांढरा पडायचा. भर दुपारी जिन्याकडे बघून विचारायचे, ‘कोण इला काय रे?’ जिन्यात कुणी नसायचं. दुसऱ्या दिवशी आपल्या घरच्या पडवीत बसवून त्यांनी मला सगळं सांगितलं.

मी नोकरीला लागण्याआधीची, छप्पन सालची गोष्ट. लीला सामंत पाचवी-सहावीला शिकवत. त्यांचे वडील वारले. घरात मिळवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाईंनी सुतकाच्या बारा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून शाळेचा शिपाई धोंडू याच्या हाती कचेरीत पाठवला. नेमका त्या दिवशी सदाभाऊंच्या घरी सत्यनारायण. सुतकाच्या घरचा कागद शिवायचा कसा? ते लांबूनच म्हणाले, ‘टाक रे खालच्या खणात. बारावो झालो की नोंदवतंय.’ बारावा झाला, तेरावा झाला, बाई कामावर रुजू झाल्या. बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या वहीत, नोंद करायची राहिली ती राहिलीच.

एप्रिलात शिक्षकांची वार्षिक शेरापत्रकं झाली. हेडमास्तरांनी बारनिशी चाळली, अर्ज दिसला नाही. त्यांनी शेरा सांगितला आणि सदाभाऊंनी आपल्या वळणदार अक्षरात उतरवून घेतला: ‘बारा दिवस विनाअर्ज गैरहजर. सेवेत ठेवण्यास अयोग्य.’ लिहिता लिहिता त्यांना खण आठवला. लेखणी थांबली. बोलावं, तर पुढचा शेरा स्वतःच्या पत्रकावर. लेखणी पुन्हा चालू झाली. माणूस मला प्रिय होता, पण हे मी त्यांना कधी माफ केलं नाही.

प्रतिकूल शेरा असेल तर तो लेखी कळवायचा आणि पंधरा दिवसांत खुलासा घ्यायचा, असं संस्थेच्या नियमावलीत छापलेलं होतं. ते पत्र काढायचं काम सदाभाऊंचं. त्यांनी ते काढलं नाही, आणि हेडमास्तरांनी विचारलं नाही.

तरी बाईंच्या कानावर काहीतरी आलंच. त्या जिना चढून कचेरीत आल्या.

‘सदाभाऊ, माझ्या पत्रकात काय शेरो आसा?’

‘ता गोपनीय आसता, बाई.’

‘माझाच पत्रक, आणि माकाच दाखवूचा नाय? मी संस्थेक लिवन विचारतंय.’

सदाभाऊ घाबरले. संस्थेने विचारलं असतं तर खण उघडावा लागला असता. ‘लिवचा कित्याक?’ ते म्हणाले. ‘देवाक कौल लावा. देवापेक्षा संस्था मोठी काय?’

आमच्याकडे या बोलण्यावर कुणी वाद घालत नाही. बाई देवळात गेल्या. गुरवाने देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, ‘हिची चूक नसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा.’ उजवी पाकळी पडली. बाईंनी दुसऱ्या दिवशी हसत येऊन सांगितलं आणि संस्थेला लिहायचं सोडून दिलं. जूनमध्ये त्यांना कमी केल्याचं पत्र गेलं. तेही सदाभाऊंच्याच अक्षरात.

त्यानंतर त्यांना जिन्यात पावलं ऐकू यायला लागली. अर्ज जाळावा म्हणून सदाभाऊ कितीदा चूल पेटवून बसले, पण हात पुढे होईना. कोरा कागद घेतला तरी त्यांना त्यावर तोच शेरा दिसे.

खणातून काढून आणलेला अर्ज खिशात घालून ते पडवीतून उठले आणि तडक फोंडाघाटच्या एसटीत बसले. बाई तिथे चुलतभावाकडे राहत, मुलांना शिकवून पोट भरत. मी सोबत गेलो, एकट्याने जाण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. सदाभाऊंनी काहीही न लपवता सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत खाली मान घालून बसले. मलाही वाटलं, आता ही बाई याला उभा जाळणार. पण त्यांनी भिंतीवरच्या आईच्या तसबिरीकडे पाहिलं.

‘नोकरी गेली तेवा मी म्हटलंय, देवान माका फसवल्यान,’ त्या म्हणाल्या. ‘नऊ वर्सा दिवो लावक नाय. आवस मराक टेकली, देवाचा तीर्थ मागी होती. ता पण दिलंय नाय.’

सदाभाऊंनी हात जोडले.

‘देव खराच सांगी होतो, सदाभाऊ. माझी चूक नव्हतीच. नोकरी न्हेलात ती न्हेलात. आता आवशीक तीर्थ मी खंयसून देऊ?’

अर्ज त्यांनी ठेवून घेतला. आम्ही दुपारच्या गाडीने परत आलो.